‘केस नीट विंचरून पाठवणे’

लेकीच्या शाळेच्या डायरीत ही ओळ या महिन्यात तिसऱ्यांदा आली. लाल शाई, खाली मॅडमची सही, आणि त्याखाली पालकांच्या सहीसाठी रिकामी जागा. पहिल्या वेळी मी गुपचूप सही केली. दुसऱ्या वेळीही केली. तिसऱ्या वेळी पेन हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. म्हटलं, आधी हे सगळं एकदा लिहून काढू.

पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते. केसांवर काय लिहायचंय एवढं, असं वाटेल. पण यात आपल्या लातूरचं पाणी आहे, शाळा आहे, पार्लर आहे, आणि शेवटी देवीसुद्धा आहे. वेळ असेल तर वाचा.

लेक आठवीत आहे. केस कुरळे. नुसते लाटालाटांचे नाहीत, स्प्रिंगसारखे. ओले असले की पाठीच्या मध्यापर्यंत येतात आणि वाळले की खांद्यावर जाऊन बसतात. माझेही तसेच, माझ्या आईचेही तसेच. आमच्या औशाकडच्या गावात आईला सगळे ‘कुरळीची’ म्हणून ओळखायचे, कारण तिची आईपण कुरळी. मला शाळेत ‘झिपरी’ म्हणायचे. लेकीला ‘मॅगी’ म्हणतात. पिढी बदलली, नाव तेवढं बदललं.

मला बघायला आलेल्या एका घरानं निरोप पाठवला होता, ‘मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, केस तेवढे जरा राठ वाटले.’ माझ्या वडिलांनी तो निरोप सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि हसले. मीपण हसले. वीस वर्षं झाली, वाक्य अजून पाठ आहे.

तर मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी, लेक सहावीत असताना, असंच डायरीत यायला लागलं. रोज सकाळी साडेसहाला मी तिला समोर बसवायची, तेल थापायची आणि बारीक दातांच्या फणीनं कोरडे केस ओढून दोन वेण्या घालायची. ती रडायची. मी ओरडायची. रिबिनी बांधून होईपर्यंत फणीत केसांचा पुंजका आणि दारात रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. शाळेत पोचेपर्यंत कपाळावरचे आणि कानापाशी असलेले केस परत उभे. ‘विंचरलं नाही’ हा शेरा त्याच केसांबद्दल असायचा. विंचरून विंचरून तुटलेल्या केसांबद्दल.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी तिला पार्लरमध्ये नेलं. ताई म्हणाल्या, केराटिन करू, सहा महिने बघायला नको. साडेचार हजार रुपये. क्रीम लावलं, थोडा वेळ ठेवलं, वाळवलं आणि मग तापलेली इस्त्री एकेका बटेवरून फिरवायला लागल्या. प्रत्येक वेळी पांढरा धूर. ताईंनी स्वतः मास्क लावला होता, दार उघडं ठेवलं होतं. माझ्या अकरा वर्षांच्या लेकराच्या तोंडावर काही नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणाली, ‘आई, घशात काहीतरी होतंय.’ मी म्हटलं, ‘थोडंच राहिलंय, बस.’

हे ‘बस’ मी म्हटलेलं आहे. पार्लरवाल्या ताईंना नंतर दोष देता आला असता. पण मी तिथं दोन तास बाजूच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसले होते.

निघताना बाटली बघितली. पुढे मोठ्या अक्षरात ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’. मागे बारीक अक्षरात ग्लायऑक्सिलिक ॲसिड. तेव्हा मला दोन्ही शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. फॉर्माल्डिहाइड म्हणजे ज्याच्या पाण्यातल्या द्रावणाला फॉर्मॅलिन म्हणतात ते. मेडिकल कॉलेजात मृतदेह टिकवायला वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. केस सरळ करायच्या कितीतरी उत्पादनांत ते थेट असतं किंवा इस्त्रीच्या उष्णतेनं तयार होतं. त्याची बोंबाबोंब झाल्यावर कंपन्यांनी ग्लायऑक्सिलिक ॲसिड आणलं. आणि २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नावाजलेल्या नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका बाईची हकीकत छापली. तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. डॉक्टरांनी ते उंदरांच्या कातडीला लावून पाहिलं, त्यांच्याही किडनीत तेच.

प्रत्येकाला असं होतं असं मी म्हणत नाही. लाखो बायका करून घेतात आणि घरी जातात. पण अकरा वर्षांच्या मुलीला, शाळेच्या शेऱ्यापायी?

लेकीच्या किडनीला काही झालं नाही, देवाची कृपा. केसांना झालं. चार महिने छान सरळ होते, शाळेत कौतुक झालं, एका मॅडमनी ‘आता कशी शहाण्यासारखी दिसतेस’ म्हटलं. मग मुळाकडून नवीन कुरळे केस आले, खाली सरळ, आणि दोन्हीच्या सांध्यावर केस तुटायला लागले. उशीवर, बाथरूमच्या जाळीत, कंगव्यात. जून उजाडेपर्यंत मानेपर्यंत कापावे लागले. कापताना ती एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मी शोधायला लागले की या केसांचं नेमकं काय अडतं.

पहिली गोष्ट कळली ती इतकी साधी की स्वतःचा राग आला. डोक्याच्या कातडीतून तेल सुटतं. सरळ केस असेल तर ते घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर अडकतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला वाळलेलं गवत. कुरळा केस कोरडा असतो तो त्याच्या घडणीमुळे. आळसाचा, अस्वच्छतेचा त्यात काही संबंध नाही. केसावर माशासारखे खवले असतात, वळणावर ते उचललेले राहतात आणि आतला ओलावा उडून जातो. शेजारच्या केसाचे खवले त्यात अडकले की गुंता. कोरड्या गुंत्यातून बारीक फणी ओढली की खवल्यासकट केस सोलला जातो. मी दोन वर्षं रोज सकाळी हेच करत होते.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की कोरडं दिसलं की तेल. पण तेल म्हणजे ओलावा नाही. ओलावा म्हणजे पाणी. तेल त्याला आत धरून ठेवायला मदत करतं. कोरड्या केसावर कितीही तेल थापा, आतून कोरडाच राहतो, वरून चिकट होतो आणि धूळ धरतो. खोबरेल तेलाचा फायदा खरा आहे हो. धुण्याआधी लावलं तर ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं, हे मुंबईतल्याच दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलं, सूर्यफूल तेल आणि खनिज तेलाशी तुलना करून. (ते संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतच काम करत होते, हेही लक्षात ठेवावं. पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे.) म्हणजे तेल धुण्याआधी भरपूर, आणि धुतल्यावर ओल्या केसाच्या टोकांना दोन थेंब. शाळेत जाताना कोरड्या केसावर वाटीभर, याचा उपयोग फक्त मॅडमला चमक दिसण्यासाठी.

जाता जाता गंमत. खोबऱ्याच्या तेलाची छोटी बाटली खायचं तेल की केसांचं, यावर कर किती लावायचा, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं, बाटलीवर केसांचं म्हणून लिहून विकत नसाल तर छोटी बाटलीसुद्धा खायचंच तेल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एवढं डोकं लावावं लागलं. आपण मात्र डोळे झाकून सगळ्या डोक्यांना तेच.

आता तिसरी गोष्ट, आणि लातूरकरांनो, ही तुमची आहे. पाणी.

२०१६ सगळ्यांना आठवतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ‘जलदूत’. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. टीव्हीवाले आले, फोटो झाले. लेक तेव्हा अगदी लहान होती. त्या उन्हाळ्यात तिचे केस आठवड्यातून एकदा धुतले जायचे तेही अर्ध्या बादलीत. पण रेल्वे थांबली, पाऊस पडला, मांजरा भरलं, म्हणजे प्रश्न संपला असं नाही ना. नळ किती दिवसांनी येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मधल्या दिवसांत आपण आंघोळ करतो ती बोअरच्या पाण्यानं. आणि बोअरचं पाणी जड.

जड म्हणजे काय हे आपल्या घरातल्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय कळतं. तुरीची डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरी खर धरते, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. आंघोळीच्या पाण्याला कोण विचारतो? गिझरच्या कॉइलवर जे बसतं तेच केसावर बसतं. साबण लावला तर त्याचा आणि कॅल्शियमचा मिळून चिकट मळ तयार होतो, तो खवल्यांत जाऊन बसतो. केस धुतल्यावर जास्त खरखरीत लागतात ते यामुळे. सरळ केसाची मुलगी तरून जाते, कुरळ्या केसाची अडकते.

आणि एक चूक करू नका, जी आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे करतात. आरओच्या पाइपातून जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून त्यानं केस धुतात, पाणी वाचतं म्हणून. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. केसांना नको.

माझी आजी पावसाळ्यात पागोळ्यांखाली घमेलं आणि कळशी मांडून ठेवायची आणि त्या पाण्यानं न्हायची. आम्ही हसायचो. पावसाचं पाणी हलकं असतं, क्षार नसतात. ती शिकेकाईनं न्हायची, तेही बरोबर होतं. शिकेकाई किंचित आंबट, जड पाण्यात साबणासारखा चिकट मळ करत नाही. डोळ्यांत गेली की मात्र आग. आजीला हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं आणि आम्हाला विचारावंसं वाटलं नाही.

बाकीचं मला मोबाइलवरून कळलं, आणि इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. पुण्या-मुंबईच्या पोरी कुरळ्या केसांचे व्हिडिओ टाकतात, त्यांचे शब्द मी ऐकले: डीप कंडिशनिंग, एलओसी, प्रोटेक्टिव्ह स्टाइल. एलओसी म्हणजे लिक्विड, ऑइल, क्रीम, या क्रमानं लावायचं, आधी पाणी मग तेल. हे कुठून आलं म्हणून मागे मागे गेले तर ते सगळं अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं निघालं. त्यांचे केस आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट वळणाचे आणि म्हणून कितीतरी कोरडे. केमिकलनं सरळ न केलेल्या आपल्या केसांना त्या ‘नॅचरल हेअर’ म्हणतात. नैसर्गिक केसाला वेगळं नाव द्यावं लागतं, यातच सगळं आलं.

लुइझियानात १७८६ साली गव्हर्नरनं फर्मान काढलं की स्वतंत्र असलेल्या काळ्या आणि मिश्र वंशाच्या बायकांनी केस कापडानं झाकून ठेवावेत. त्यांनी ते कापड असं रंगीबेरंगी आणि झोकात बांधलं की तीच फॅशन झाली. पण पुढे पिढ्यानपिढ्या नोकरीसाठी, शाळेसाठी केस जाळून सरळ करणं चालूच राहिलं. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत काळ्या मुलींनी केसांच्या नियमांविरुद्ध मोर्चा काढला, त्यांत तेरा वर्षांची पोरगी पुढे होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदाच केला की केसांच्या नैसर्गिक पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. क्राउन ॲक्ट. नंतर इतर अनेक राज्यांनी केला.

त्यांचं दुःख आणि आपलं एक आहे असं मी म्हणणार नाही. त्यामागे गुलामगिरी आहे. माझ्या लेकीला कुणी विकलं नव्हतं. पण ‘केस नीट करून ये’ हे वाक्य ओळखीचं वाटलं. आणि आपल्याकडेही ‘राठ केस’, ‘झिपऱ्या’, ‘अवतार’ हे शब्द कोणत्या वस्तीतल्या मुलींबद्दल जास्त वापरले जातात, हे स्वतःशीच आठवून बघा. माझ्याबद्दल वापरले तेव्हा ती थट्टा होती. काहींच्या बाबतीत ती थट्टा नसते.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण इनबॉक्समध्ये तेच विचारणार आहात.

रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी केस धुतो. रोज नाही. आधी तासभर खोबरेल. मग सौम्य शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला, केसांना चोळायचा नाही. फेस खाली वाहतो तेवढा पुरे. मग कंडिशनर भरपूर, आणि तो केसात असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकापासून वर वर. वरून खाली ओढायचं नाही. हे एकच केलंत तरी अर्धं काम झालं. शेवटचा तांब्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. नसेल तर बोअरच्या तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू. डोक्याला कुठे खरचटलं असेल तर लिंबू नको, झोंबतं.

पुसायला टॉवेल नाही. पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट, दाबून टिपायचे, घासायचे नाहीत. आणि ओले असतानाच जवसाचा जेल. हो, तोच आपला जवस, ज्याची चटणी आपण भाकरीवर खातो. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळायचं. थांबलात तर गाळलं जात नाही, मी पहिल्या वेळी गाळणी फेकून दिली. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. त्या परदेशातल्या बायकाही हाच वापरतात, त्यांना तो महाग पडतो. आपल्याकडे मोंढ्यात किलोनं मिळतो. वरून टोकांना दोन थेंब तेल. रात्री सैल वेणी, आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. अभ्रा म्हणजे माझा जुना सॅटिनचा परकर उसवून शिवलेला. सुती अभ्रा ओलावा ओढून घेतो आणि केस घासले जातात.

सकाळी कंगवा नाही. हात ओला करून वरून फिरवायचा, दोन वेण्या सैल घालायच्या, रिबिनी बांधायच्या. पाच मिनिटं. रडणं नाही.

सगळं मिळून महिन्याचा खर्च दोनशे-अडीचशे रुपये. केसांचा खर्च कमी आणि पाण्याचा विचार जास्त, असं झालंय. दीड वर्ष झालं, केस परत खांद्याखाली आलेत. कपाळावरचे मात्र उभे राहतात. राहणारच. ते तसेच उगवतात.

आता देवी.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी नातीला बरोबर आणलं होतं, सात-आठ वर्षांची, आईबाप ऊसतोडीला गेले की आजीकडे राहते. मानेच्या मागे केसांचा एक गोळा, लिंबाएवढा, कडक. मी हात लावायला गेले तर मावशी म्हणाल्या, ‘ताई, हात नका लावू. जट हाय. शेजारची म्हातारी म्हणली, देवीनं मागितलंय लेकरू. कापलं तर घरावर येतं.’

माझ्या पोटात गोळा आला. जट म्हणजे काय ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. न विंचरलेला, न धुतलेला गुंता घट्ट होत जातो, मग त्याला हळदी-कुंकू लागतं, मग तो देवीचा होतो, मग मुलगीपण देवीची होते. देवदासी प्रथा बंद करणारा कायदा महाराष्ट्रानं २००५ साली केला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, पुण्याच्या नंदिनी जाधव यांच्यासारख्यांनी, कितीतरी बायकांना समजावून त्यांच्या जटा कापल्या, ज्या बायकांनी ते ओझं वर्षानुवर्षं मानेवर वागवलं होतं. आणि सुरुवात बहुतेक वेळा अशीच, लिंबाएवढी.

मी मावशींना म्हटलं, ‘कापत नाही. सोडवते. देवीचं असेल तर सुटणार नाही, मग तुमचं खरं.’ त्या विचारात पडल्या, मग ‘बघा’ म्हणाल्या. तीन रविवार लागले. तेल, कंडिशनर, आणि माझी विणायची सुई. टोकापासून एकेक केस. पोरगी टीव्ही बघत बसायची, लेक तिच्यासमोर बिस्किटं धरायची. मध्ये दोन उवा आणि एक मण्याचा तुकडा निघाला. तिसऱ्या रविवारी शेवटची गाठ सुटली तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, मला नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या देवीला. माझी काही तक्रार नाही.

त्या लेकराचे केस पण कुरळे आहेत. तिच्या वस्तीत टँकर येतो. तिच्या शाळेतही ‘विंचरून ये’ म्हणतात आणि ती विंचरत नाही म्हणून मागच्या बाकावर बसवतात. गुंता, पाणी आणि तो शेरा यांच्यातून जट कशी होते हे मी तीन रविवार बोटांनी बघितलंय.

म्हणून तिसऱ्या शेऱ्यानंतर मी शाळेत गेले. भांडायला नाही. वर्गशिक्षिका मॅडम चांगल्या आहेत, वर्गात साठच्या वर मुलं, त्यांनाही वरून तपासणी असते. त्या म्हणाल्या, ‘अहो ताई, मला कळतंय, पण एकीला सूट दिली की सगळ्या केस मोकळे सोडून येतील. आणि उवांचं काय?’ मी म्हटलं, ‘मोकळे सोडत नाही, दोन वेण्या आहेत, रिबिनी आहेत. उवा तपासा, हवं तर दर सोमवारी तपासा. फक्त कपाळावरचे उभे केस म्हणजे घाण नव्हे, एवढं मान्य करा.’ त्या जरा वेळ लेकीच्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘माझ्या बहिणीचे असेच होते. ती दर महिन्याला सरळ करून घ्यायची.’ पुढे काही बोलल्या नाहीत. मीपण विचारलं नाही.

नियम शाळेच्या छापील पुस्तिकेत आहे: ‘मुलींचे केस तेल लावून, विंचरून, दोन वेण्या घातलेले असावेत.’ मुख्याध्यापक म्हणाले, नियम बदलायचा तर पालक-शिक्षक संघात ठराव घ्यावा लागेल, लेखी अर्ज द्या. दिला. अर्जात तीनच मागण्या आहेत. ‘तेल लावून, विंचरून’ काढून ‘स्वच्छ आणि बांधलेले’ असं लिहावं. केसांवरून वर्गात सगळ्यांसमोर बोलू नये, डायरीत लिहायचं तर ‘उवा आहेत’ किंवा ‘बांधलेले नाहीत’ असं स्पष्ट लिहावं. आणि शाळेच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी जे सरळ गटारात जातं, ते एका टाकीत घ्यावं. तिसऱ्या मागणीवर मुख्याध्यापक म्हणाले, ‘हे केसांच्या अर्जात कसं काय?’ मी म्हटलं, सर, वेळ असेल तर बसते, सांगते. त्यांना वेळ नव्हता.

बैठक येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आहे. ज्यांच्या मुली तिथं आहेत त्यांना शाळा कोणती ते माहीतच आहे, नाव लिहीत नाही. कुरळ्या केसांच्या मुली असोत की नसोत, या. अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्यांत दोन बाबांच्या आहेत. डायरीतल्या त्या तिसऱ्या शेऱ्याखाली मी अजून सही केलेली नाही. लेक रोज विचारते, ‘आई, केलीस का?’ मी म्हणते, शनिवारनंतर.